पडद्यावरचा मास्तर आणि वर्गातली खुर्ची

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या सत्रातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



सकाळी भावाचा विषय झाला, विजेचा झाला. जेवणानंतर शाळेचा विषय आहे हे पाहून काही मंडळी बाहेर पारावर जाऊन बसली आहेत, ती मला इथून दिसत आहेत. त्यांना आत बोलवा. पोरीबाळींच्या शाळेचा प्रश्न हा बायकांनी बघायचा आणि कापसाचा प्रश्न पुरुषांनी, अशी वाटणी आपण केव्हा करून घेतली ते मला माहीत नाही, पण ती मोडायला हवी.

मागच्या महिन्यात एका गावात बैठक होती. रात्रीचे दहा वाजून गेले होते, सगळे उठायच्या बेतात होते. एक ताई मागून म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? माझी पोरगी नववीत आहे. दोन वर्षं झाली, शाळेत विज्ञानाला सर नाही. आता म्हणतात भिंतीवर मोठा टीव्ही बसवणार आणि शहरातला सर तिथून रोज तास घेणार, पोरांना दिसणार, पोरांशी बोलणारसुद्धा. मी शाळा समितीवर आहे. ठरावाचा कागद सहीला आलाय. सही करू का नको?"

मी कागद पाहिला. टीव्ही, कॅमेरा, इंटरनेट, सगळे लिहिले होते. शेवटी एक ओळ होती: "सदर सुविधेमुळे विज्ञान शिक्षकाची गरज भागत आहे." ही ओळ ध्यानात ठेवा. मी तिच्याकडे परत येणार आहे.

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. जिल्ह्याच्या बैठकीत सांगतो म्हणालो आणि सुटका करून घेतली. ताई आज इथे आल्या आहेत, समोर बसल्या आहेत, म्हणजे आता सुटका नाही.

आपल्या कार्यकर्त्यांत या बाबतीत दोन तट आहेत. एक म्हणतो, हे सरकारचे अंग काढून घेणे आहे; शिक्षक भरायचे नाहीत म्हणून टीव्ही दाखवतात; फेकून द्या. दुसरा म्हणतो, अरे, आपणच ओरडतो ना, नवे तंत्रज्ञान खेड्यात येऊ द्या म्हणून? मग बियाण्याला एक न्याय आणि शाळेला दुसरा का? दोघांचेही बोलणे मला निम्मे पटते. पण दोघेही असल्या वर्गात एक तासभर बसून आलेले नाहीत. आणि आधीच एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर मागाहून कोणीतरी काढेल: माझी स्वतःची मुलगी तालुक्याच्या शाळेत शिकते, तिथे विज्ञानाला दोन शिक्षक आहेत. तेव्हा मी बोलतो आहे ते दुसऱ्याच्या पोरांबद्दल. त्या बेताने ऐका.

मी शेतकीचा पदवीधर. सुरुवातीची काही वर्षे विस्ताराच्या कामात काढली. तेव्हा मला एका रेडिओ केंद्रावर हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर दहा मिनिटे बोलायला बोलावले होते. मी छान लिहून नेले. किलोला तीन ग्रॅम थायरम, दहा किलो बियाण्याला रायझोबियमचे अडीचशे ग्रॅमचे पाकीट, गुळाचे पाणी, सावलीत सुकवणे, सगळे आकडे बरोबर. दीड महिन्याने एक शेतकरी भेटले. मला रानात घेऊन गेले, एक झाड मुळासकट उपटून हातात दिले. मुळावर गाठ औषधालासुद्धा नाही. त्यांनी थायरम आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले होते. म्हणजे बुरशी मारायच्या औषधात जिवंत जिवाणू घातले आणि तेही मारून टाकले. आधी बुरशीनाशक, ते सुकले की मग पेरणीच्या तोंडावर जिवाणू, हा क्रम मी बोललोच नव्हतो. मला तो इतका पाठ होता की सांगायचा असतो हेच सुचले नाही. ते गृहस्थ रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही समोर असता तर मी तिथंच विचारलं असतं, आधी कोणतं?"

शिकवणाऱ्याला सगळे येत असते. कुठे अडते ते शिकणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याने तोंड उघडले नाही आणि याने त्याचे तोंड पाहिले नाही, तर बरोबर सांगितलेलेही चुकीचे पोचते. पडद्यावरच्या शाळेची सगळी गोम इथे आहे.

आणि ही गोम कोणाला आज सापडलेली नाही. या मुलखातल्या शेतकऱ्यांनीच ती सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिली आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. कल्पना कॅनडाची, तिकडे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत होती. आपल्याकडे पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष, एक चिटणीस. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचा कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि आपसात चर्चा करायची. चिटणिसाने चर्चेची टिपणे आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. त्यांतल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात यायची.

यातली पुढची गंमत महत्त्वाची आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची तपासणी केली, आणि ती करताना आणखी दोन तऱ्हेची गावे घेतली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. काही गावांत रेडिओही नव्हता. आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत लोकांचे ज्ञान भरपूर वाढलेले दिसले. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्या गावांत फारच थोडे. रेडिओ तोच, आवाज तोच, तज्ज्ञ तेच! फरक कशाचा? ऐकून झाल्यावर वीस माणसे बसून भांडली की नाही, आणि त्यांच्यात चिठ्ठी लिहून पाठवणारा एक जबाबदार माणूस होता की नाही, याचा.

इथे आपल्यापैकी काहींचे आजोबा त्या मंडळात असतीलही. घरी म्हातारी माणसे असतील तर विचारा.

यानंतर आपल्या देशाने फार मोठी उडी मारली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या उपग्रहावरून, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरदर्शनचे कार्यक्रम उतरवले. विक्रम साराभाईंचे ते स्वप्न, पण पाहायला ते उरले नव्हते. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी तबकड्या उभारून तो संदेश पकडला. इस्रोच्या त्या माणसांचे करावे तेवढे कौतुक थोडे. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण हा रस्ता एकेरी होता. खेड्यातल्या पोराला हात वर करायची सोय नव्हती.

परतीचा रस्ता असलेला वर्ग कसा चालतो, ते पाहायला आपल्याला जरा लांब जावे लागेल. कॅनडाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा जास्त आणि लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या एखाद्या-दोन तालुक्यांएवढी. किनाऱ्याकिनाऱ्याने मच्छीमारांच्या वस्त्या, एकेका वस्तीवर लहानशी शाळा. अशा शाळेत दहावीच्या पुढे उच्च गणित घेणारी पोरे तीन नाहीतर चार. तेवढ्यांसाठी गणिताचा पदवीधर मास्तर तिथे राहायला येत नाही. आपलेच दुखणे की नाही?

त्यांनी १९८८ साली तेरा लहान शाळांपासून सुरुवात केली. टेलिफोनच्या तारेवरून आवाज आणि त्याच तारेवरून मास्तरने पाटीवर लिहिलेले अक्षर, एवढेच. चित्र नाही, मास्तरचे तोंड दिसत नाही. पण मुलाला बोलता येत होते आणि मास्तरला ते ऐकू येत होते. मग २ जुलै १९९२ रोजी सरकारने कॉड माशाच्या मासेमारीवर बंदी घातली. समुद्रातला मासाच संपत आला होता. पिढ्यान् पिढ्या ज्याच्यावर जगले ते गेले, हजारो लोकांचा रोजगार एका दिवसात बुडाला, तरणी माणसे वस्त्या सोडून निघाली. शाळांचे पट आणखी घसरले. आपल्याकडे पट घसरला की शाळा बंद करण्याची फाईल हलते. तिकडेही शाळा बंद झाल्या, एकत्र केल्या, त्यावर भांडणेही झाली. पण ज्या उरल्या त्यांतल्या मुलांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, उच्च गणित मिळावे म्हणून २००१ च्या सुमारास या कामासाठी सरकारी केंद्र उभे केले आणि टेलिफोनच्या तारेची जागा इंटरनेटने घेतली.

त्यांची रीत नीट ऐका. एका शिक्षकाच्या वर्गात पाच-सहा शाळांतली मिळून जितकी मुले सामान्य वर्गात मावतात तितकीच. प्रत्येक मुलासमोर संगणक आणि कानाला माईक. मूल हात वर करण्याचे चिन्ह दाबते, शिक्षक त्याला नावाने बोलावतो, फळा त्याच्या हाती देतो, ते तिकडून गणित सोडवते आणि बाकीच्या गावांतली पोरे पाहतात. सगळ्या तासिका थेट नसतात. काही थेट, काही स्वतः अभ्यास करण्याच्या. गणित-विज्ञानाला थेट तास जास्त. आणि प्रत्येक शाळेत या मुलांकडे लक्ष द्यायला तिथल्याच शिक्षकांची जोडणी. त्यांनी विषय शिकवायचा नाही. मूल बसले का, यंत्र चालते का, गृहपाठ गेला का, पोर गप्प का झाले, परीक्षेवर देखरेख, हे पाहायचे.

निकाल? असे शिकलेली मुले परीक्षेत समोरासमोर शिकलेल्यांच्या बरोबरीने उतरली. पण मी तुम्हाला अर्धे सांगून फसवणार नाही. हे विषय घेणारी मुले मुळात अभ्यासाची होती. शिवाय थेट तास नसलेल्या वेळात पोरे गप्पा मारत बसतात, अडले तर दूरच्या शिक्षकापेक्षा शेजारच्या पोरालाच विचारतात, असेही तिथल्या अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. आणि किनाऱ्यावरच्या काही लहान शाळांत अशी मुले सापडली, की पडद्यावरचा वर्ग नको म्हणून त्यांनी सोपा, खालच्या पातळीचा अभ्यासक्रम घेतला. म्हणजे पुढचे शिक्षणाचे दार त्यांनी आपल्या हाताने लावून घेतले. हुशार पोर पडद्यावरून शिकते. कच्चे पोर पडद्यामागे लपते, आणि ते लपले हे शहरातल्या शिक्षकाला कळतसुद्धा नाही. वर्गातली ती खुर्ची, जिच्यावर तिथलाच एक मोठा माणूस बसलेला असतो, ती या कच्च्या पोरासाठी असते.

मेक्सिकोने हेच गरिबीत केले. १९६८ साली त्यांनी खेड्यांतल्या सातवी ते नववीच्या मुलांसाठी टेलेसेकुंदारिया सुरू केली. राजधानीतून थेट प्रक्षेपण, खेड्यात टीव्हीपुढे वर्ग. पहिल्या वर्षी ३०४ वर्ग आणि साडेसहा हजार मुले. तासाची मांडणी पाहा: वीस मिनिटे टीव्ही, चाळीस मिनिटे टीव्ही बंद. त्या चाळीस मिनिटांत वर्गातला समन्वयक, बहुधा प्राथमिकचाच शिक्षक, मुलांकडून काम करून घ्यायचा. जागा कित्येक ठिकाणी गावकऱ्यांनी दिली. आज तिथे या वयाच्या साधारण पाच विद्यार्थ्यांत एक टेलेसेकुंदारियात असतो. पण पन्नास-पंचावन्न वर्षांत झाले काय? टीव्हीचे महत्त्व कमी कमी होत गेले. छापील पुस्तक आणि वर्गातला शिक्षक यांचे वाढत गेले. समन्वयकाचा शिक्षक झाला. आणि तरीही परीक्षेत ही मुले इतर शाळांच्या मागे राहतात. याला पोरांच्या घरची गरिबी कारण आहे तसे एकाच शिक्षकाला सगळे विषय सांभाळावे लागतात हेही कारण आहे. शाळा नसण्यापेक्षा कितीतरी बरे. पण चांगल्या शाळेच्या तोडीचे झाले, असे त्यांचे सरकारही छाती ठोकून सांगणार नाही.

ब्राझीलच्या आमेझोनास राज्यात २००७ पासून चालते ते याच्या पुढचे पाऊल. महाराष्ट्राच्या पाचपट मुलूख, रस्ते नाहीत, गावाला जायचे तर नदीतून होडीने. मानाउस शहरातल्या स्टुडिओतून विषयाचे शिक्षक उपग्रहावरून थेट शिकवतात, आणि प्रत्येक गावच्या वर्गात एक शिक्षक हजर. कॅमेरा, माईक दोन्हीकडे. एका वेळी एकच विषय घेतात, तो संपला की दुसरा; म्हणजे गावातल्या शिक्षकालाही तयारी करता येते. ही युक्ती मला फार आवडली. आपल्या वेळापत्रकात दिवसाला आठ विषय कोंबलेले असतात, त्यात पडद्याचा तास एस.टी.सारखा येतो आणि जातो.

घानाचे एका वाक्यात सांगतो, कारण ते प्राथमिक शाळांचे आहे. तिथे सौर विजेवर, दोन्हीकडून बोलता येईल असे थेट वर्ग खेड्यांत चालवले आणि नीट तुलना करून तपासले, तेव्हा गणित आणि वाचनाची पायाभूत कौशल्ये सुधारली. पण मुलांची हजेरी काही वाढली नाही. टीव्ही आणला म्हणजे पोरे धावत येतील, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आपल्याकडे हे झाले नाही असे नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी इस्रोने एज्युसॅट सोडला, केवळ शिक्षणासाठी केलेला पहिला भारतीय उपग्रह. केरळने २००५ सालापासून त्यावर शाळांची वाहिनी उभी केली, ती चिकाटीने चालवली, आणि कोरोनात २०२० च्या जूनमध्ये शाळा बंद असताना तीच त्यांच्या कामी आली. देशात बाकी बहुतेक ठिकाणी काय झाले? २०१३ साली महालेखापरीक्षकांच्या अहवालात आले: जोडणीचे नियोजन नाही, शिकवायचा मजकूर तयार नाही, कारभार कोणी पाहायचा ते ठरलेले नाही. उपग्रह तोवर निवृत्तही झाला होता. आकाशात सगळे जमते, जमिनीवरचे शेवटचे शंभर फूट जमत नाहीत. पाटाचे पाणी शेवटच्या शेताला पोचत नाही तसेच.

कोरोनातले आपण सगळ्यांनीच पाहिले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून उघडायला लागले. मधल्या काळात घरात एक मोबाईल, तो बापाच्या खिशात, बाप रानात. दोन पोरे असली तर मोबाईल मुलाला. मुलगी चुलीपाशी. पण त्यावरून "ऑनलाईन म्हणजे थोतांड" असा निकाल देणेही बरोबर नाही. ती शाळा नव्हती. ती एकेकट्या पोराला एकेकट्या काचेपुढे बसवण्याची नाइलाजाची सोय होती. आपण बोलतो आहोत ते वर्गात, मुलांनी एकत्र बसून, आपल्या शिक्षकासमोर शिकण्याविषयी.

आता शिकवणाऱ्याकडे वळू. पडद्यावरून शिकवणे ही वेगळी कला आहे आणि ती चांगल्या शिक्षकालाही आपोआप येत नाही. समोरचा वर्ग असला की पोरांची तोंडे पाहून कळते, गाडी कुठे अडकली ते. पडद्यावर चाळीस तोंडे टिचभर दिसतात. म्हणून दर सात-आठ मिनिटांनी थांबावे लागते, नाव घेऊन विचारावे लागते. "समजले का?" असे विचारले तर पाच गावांतून एका सुरात "हो सर" येते, त्याला काही अर्थ नाही. "अमुक गावची अमुक, तू सांग, पाण्यातली काठी वाकडी का दिसते?" असे विचारायचे. आणि विचारून थांबायचे. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतो. प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद नुसता प्रवासात जातो. तारेवरून लवकर पोचते, पण खेड्यातली पोर लाजते, माईक चालू करते, शेजारणीकडे बघते, यात दहा सेकंद जातात. घाईचा मास्तर तेवढ्यात स्वतःच उत्तर देतो. असे तीनदा झाले की चौथ्यांदा कोणी बोलत नाही.

मी अशा एका वर्गात पाठीमागे बसलो होतो. विषय प्रकाशाचे अपवर्तन. पडद्यावरच्या बाईंनी काचेची चिप आणि चार टाचण्या घेऊन प्रयोग फार सुरेख दाखवला. पण त्याच वेळी या गावातल्या कपाटात काचेच्या चिपा होत्या आणि कपाटाला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे ते मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेले होते. बाई म्हणाल्या, "आता तुम्ही करून बघा." पोरे एकमेकांकडे पाहत बसली. वर्गात शिपाईमामा होते. त्यांचा काय दोष? त्यांना टीव्ही लावायला सांगितले होते, त्यांनी लावला.

तर ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझे मत, आणि हे माझे आहे, संघटनेचा ठराव नाही: पडद्याला नाही म्हणू नका. दोन वर्षे तुमच्या मुलीला विज्ञानाचा शिक्षक नाही, पवित्र पोर्टलवरची भरती केव्हा पुरी होईल आणि झाली तरी तो तुमच्या गावात टिकेल का, हे कोणी सांगू शकत नाही. सरकारला धडा शिकवण्यासाठी तुमची मुलगी नववी-दहावीची दोन वर्षे विज्ञानावाचून बसली, तर धडा तिलाच मिळतो. मुलींना एस.टी. फुकट आहे हे खरे, पण तालुक्याहून संध्याकाळची गाडी आली नाही की दुसऱ्या दिवशी बाप शाळा बंद करतो, हे आपण सगळे जाणतो. गावातल्या शाळेत जे मिळेल ते तिच्यासाठी लाखमोलाचे आहे.

पण घ्यायचे ते परतीच्या रस्त्यासकट घ्या. एका शिक्षकाला किती शाळा जोडणार ते विचारा. पाच-सहा म्हणत असतील तर तो वर्ग. पाचशे म्हणत असतील तर ती सभा. आता मी बोलतो आहे तशी. मी अर्धा तास बोलतो आहे, तुमच्यापैकी एकालाही मध्ये विचारता आले नाही. दहावीचे विज्ञान असे शिकता येत नाही. वर्गात खुर्चीवर कोण बसणार त्याचे नाव विचारा. ते शिपाईमामा नकोत, शिक्षकच हवा, विषय दुसरा असला तरी चालेल, पण त्याच्या तासिकेत हे काम मोजलेले हवे; नाहीतर तो त्या वेळात पोषण आहाराची नोंदवही भरत बसेल, आणि त्यात त्याची चूक नाही. प्रयोगाच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे हवी. वीज कोणत्या फीडरवर, बिल कोण भरणार, ग्रामपंचायतीपर्यंत आलेली इंटरनेटची तार शाळेपर्यंत कोण ओढणार, तास बुडाला तर पुन्हा केव्हा होणार, हे सगळे कागदावर हवे. बोलण्यावर नको. आणि वर्षातून दोन-तीनदा तरी पडद्यावरच्या शिक्षकाने शाळेत यायला हवे. एकदा प्रत्यक्ष भेटलेल्या माणसाला प्रश्न विचारायला पोर लाजत नाही, हा आपला विस्तार कामातला अनुभव आहे. शेतावर येऊन गेलेल्या साहेबालाच शेतकरी फोन करतो.

आता ती शेवटची ओळ. "शिक्षकाची गरज भागत आहे." टीव्हीचा धोका मला टीव्हीत दिसत नाही, या ओळीत दिसतो. २०२३ साली कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयावर शिक्षक किती संतापले तेही तुम्हाला आठवत असेल. अशा दिवसांत समितीने आपल्याच सहीने लिहून दिले की आमची गरज भागली, तर ते पद परत मागायला आपण कोणत्या तोंडाने जाणार? न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांनी पडदा घेतला तो जो विषय कधी मिळणारच नव्हता त्यासाठी. आपल्याकडे मंजूर असलेल्या पदावर तो टांगला जातो आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने आपल्या भागातल्या हायस्कुलांची माहिती आणायची आहे. मंजूर पदे किती, भरलेली किती, गणित-विज्ञान-इंग्रजीची रिकामी किती महिन्यांपासून, शाळेला वीज आहे का तोडली आहे, आलेला टीव्ही चालू आहे का खोक्यात. मुख्याध्यापक देत नसतील तर दहावीच्या पोरांना विचारा, ती अचूक सांगतात. कागद साधा असला तरी चालेल, पण एकही रकाना अंदाजाने भरू नका.

आणि ताई, ठराव तुम्ही पिशवीत आणला आहे असे मला कळले. चहा झाला की आपण बाहेर चिंचेखाली बसू. इथे दोन निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांनाही बोलावू. शेवटची ओळ खोडून त्या जागी काय लिहायचे ते तुम्हीच सांगा, आम्ही फक्त भाषा दुरुस्त करू. मुलीलाही विचारून आला असाल तर फारच चांगले.